बापाला थाप मारू द्या

मुलांना आपल्या लहानपणाच्या गोष्टी जरूर सांगा, पण खऱ्याच सांगा, असं बजावणारी मंडळी हल्ली फार वाढली आहेत. पालकसभेत हेच, मोबाइलवर फिरणाऱ्या सल्ल्यांत हेच, आणि आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या करकंब गावात एसटी स्टँडवर चहा पिता पिताही हेच. त्यांचं म्हणणं त्यांच्यावर अन्याय न करता मांडतो. मुलाला खरं-खोटं कळत नाही. बापानेच जर 'मी तुझ्याएवढा असताना मगरीच्या पाठीवर बसून भीमा ओलांडली' असं सांगितलं, तर दोनपैकी एक होणार. मूल ते खरं मानून चालेल आणि उद्या कुणाही बुवाच्या चमत्काराला फशी पडेल. नाहीतर मोठं झाल्यावर त्याला कळेल की बाप खोटं बोलत होता, आणि मग बापाच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहणार नाही. वर घरातून न सांगता पळून जाणं, मास्तरांना चकवणं असल्या गोष्टींनी वळण बिघडतं ते वेगळंच. त्यापेक्षा आपण किती हालात शिकलो ते सांगावं, मुलांना प्रेरणा मिळते.

मला यातलं जवळजवळ काहीच मान्य नाही. सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण खरी गोम तिथं आहे.

हालाच्या गोष्टींना आमच्या भागात तोटा नाही, आणि त्या पोकळही नाहीत. १९७२चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने अंगावर काढला. तेव्हा खडी फोडायला गेलेली, मिलोच्या भाकरी खाल्लेली, सुकडीसाठी रांगेत उभी राहिलेली माणसं अजून गावोगाव आहेत. ज्याने भोगलं त्याने सांगावंच, आणि पोरांनी ते मान खाली घालून ऐकावं. पण बाप हे केव्हा सांगतो ते जरा बघा. दुष्काळ आठवला म्हणून सांगत नाही. पोराने नवे बूट मागितले, ताटात भाजी टाकली, गणितात मार्क कमी पडले, की गोष्ट सुरू. आणि ती गोष्ट दरवर्षी वाढते. शाळा पहिल्यांदा ऐकली तेव्हा दीड मैलावर असते. मुलगा सातवीत जाईपर्यंत ती चार मैलांवर सरकते, मधे एक ओढा येतो, आणि दहावीच्या वर्षी त्या ओढ्याला छातीएवढा पूर असतो. निम्मं आयुष्य आभाळाकडे बघण्यात घालवणाऱ्या आमच्या तालुक्यात प्रत्येक बापाच्या लहानपणी एवढा पूर कुठून येत होता, हे पाटबंधारे खात्याने एकदा शोधून काढायला हरकत नाही.

म्हणजे कल्पित गोष्टी आपण सांगतोच. नुसतं त्यांच्यावर 'संस्कार' असा शिक्का मारलेला असतो, म्हणून कुणी हरकत घेत नाही. या गोष्टीत बाप नायक, परिस्थिती खलनायक आणि ऐकणारं पोर कर्जदार. गोष्ट संपली की त्याने काहीतरी फेडायचं असतं : अभ्यास करून, गप्प बसून, बुटांचं नाव न काढून. 'पूर होता तर गुरुजी कसे आले?' असं एखाद्याने विचारलंच तर उत्तराऐवजी डोळे वटारले जातात. मगरीवर बसून भीमा ओलांडणाऱ्या बापाची गोष्ट मुलाकडून काहीही वसूल करत नाही. तिच्यात बाप पोराच्या वयाचा होतो, घाबरतो, फजीत होतो, वेड्यासारखं काहीतरी करून सुटतो. भांडण खरं विरुद्ध खोटं असं नाहीच. पोराला ऋणी करणारी थाप आणि पोराला बरोबरीने बसवणारी थाप, यांतली कुठली निवडायची एवढाच प्रश्न आहे. मी दुसरीच्या बाजूने उभा आहे.

या दुसऱ्या जातीचा एक नमुना जगात चांगला गाजलेला आहे. अमेरिकेत १९४८ साली रूथ स्टाइल्स गॅनेट या तरुण लेखिकेचं 'माय फादर्स ड्रॅगन' नावाचं छोटं पुस्तक आलं. गोष्ट सांगणारं मूल त्यात सबंध वेळ 'माझे वडील' असंच म्हणत राहतं, आणि हे वडील म्हणजे एल्मर एलिव्हेटर नावाचा लहानगा मुलगा. तो एका भटक्या मांजरीला घरी आणतो, आईला ते खपत नाही, आणि मग त्या मांजरीच्या सांगण्यावरून गडी गुपचूप जहाजात शिरून निघतो. कुठं, तर रानटी जनावरांच्या बेटावर. तिथं ड्रॅगनचं एक पिल्लू दोराने बांधून ठेवलंय, आणि जनावरं त्याला नदीवरच्या फुकटच्या नावेसारखं राबवताहेत. त्याला सोडवायचं. एल्मरच्या पिशवीत तलवार नाही, बंदूक नाही. च्युइंग गम, गुलाबी लॉलिपॉप, रबर बँड, भिंगं, टूथब्रश, कंगवा, रिबिनी असला किरकोळ माल. वाघ खायला उठले की च्युइंग गम पुढं करायचं. गेंड्याला त्याचं मळकं शिंग घासायला टूथब्रश. सिंहाच्या गुंतलेल्या आयाळीला कंगवा आणि रिबिनी. गोरिलाच्या पिसवा शोधायला माकडांच्या हाती भिंगं. नदी आडवी आली तेव्हा मगरींच्या शेपट्यांना लॉलिपॉप बांधून त्यांचीच रांग केली आणि पाठींवरून पाय देत पलीकडे. सबंध बेटावर एल्मर कुणालाच मारत नाही.

आता आक्षेपकांच्या यादीने हे पुस्तक तपासा. बाप आईला न सांगता पळून जातो, जहाजात चोरून बसतो, जनावरांना चकवतो. एकही संस्कार नाही. तरी पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ मुलं ते वाचताहेत. २०२२ साली त्यावर आयर्लंडच्या कार्टून सलून या स्टुडिओने नवा चित्रपटही काढला. हे पुस्तक वाचून जहाजात चोरून बसणाऱ्या पोरांची लाट कुठं आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

रशियन लेखक अलेक्सांद्र रास्किन यांनी तर ड्रॅगनही घेतला नाही. मुलगी आजारी पडली की ती 'बाबा लहान होते तेव्हाची गोष्ट' मागायची. त्यातून त्यांचं पुस्तक झालं. हिंदीत ते 'पापा जब बच्चे थे' या नावाने मिळतं. त्यातला बाप मोठेपणी कोण व्हायचं याचे बेत सारखे बदलतो, मधे एकदा त्याला कुत्रा व्हायचं असतं, आणि फिरून फिरून माणूस व्हायचं ठरवतो. बाप एवढा येडा होता, हे बापानेच सांगितल्यावर तापाने फणफणलेल्या पोरीला काय बरं वाटलं असेल!

आपल्याकडे हे का दिसत नाही? घरात कामं वाटलेली आहेत. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट आजीने सांगायची, आईने डोळ्यांत पाणी आणायचं, बापाने धाक घालायचा. लहानपण आठवून सांगण्याचा मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे 'श्यामची आई'. साने गुरुजींनी तो १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिला, दोन वर्षांनी छापून आला, आणि पिढ्या त्यावर वाढल्या. त्या पुस्तकाबद्दल मला उणा शब्द काढायचा नाही. तक्रार आहे ती त्याच्या नकलांबद्दल. गुरुजींच्या पुस्तकातला श्याम भित्रा आहे, हट्टी आहे, चोरीही करतो. नकलाकारांनी तो श्याम सोडून दिला आणि रडणं तेवढं घेतलं. तेव्हापासून मराठी बाप आठवण सांगायला बसला की आधी घसा खाकरतो.

मोठ्यांच्या साहित्यात मात्र आम्ही बापाला हसायला मोकळे. चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतःच्या फजित्या स्वतःच सांगतो, आणि घरात मोरू-मैना-राघू ही मुलं असताना सांगतो. मग मुलांसमोरच बापाने सोवळं का नेसायचं?

अंधश्रद्धेचा आक्षेप थोडा गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो घेणारी माणसं बहुधा प्रामाणिक असतात. आमच्या गावाचंच उदाहरण देतो. आषाढीच्या वाटेवर त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी करकंबात मुक्कामाला असते. निवृत्तिनाथ म्हणजे ज्ञानदेवांचे थोरले भाऊ आणि गुरू. वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आलेल्या चांगदेवांना ही भावंडं भिंत चालवत सामोरी गेली, ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. ती श्रद्धेची गोष्ट आहे, तिला तिची जागा आहे, मी तिला हात लावत नाही. पण ज्यांना चालत्या भिंतीने पोराची विवेकबुद्धी बिघडेल असं वाटत नाही, त्यांना बापाच्या मगरीनेच ती कशी बिघडते? श्रद्धेच्या गोष्टीवर शंका काढायची नसते. बापाच्या थापेवर शंका काढायची असते, त्यासाठीच ती असते. मग पोराच्या बुद्धीला व्यायाम कुठं मिळतो?

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याचा रोख चमत्काराच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्या, माणसांचा छळ करणाऱ्या लोकांवर आहे. गोष्टी सांगणाऱ्यांवर नाही, आणि ते बरोबरच आहे. बुवा आणि थापाड्या बाप यांच्यातला फरक ओळखायला कायदा लागत नाही. बुवाला 'कसं काय?' असं विचारलं की तो शाप देतो. बापाला विचारलं की त्याला घाम फुटतो.

तो घाम मी जवळून पाहिलेला आहे. आमचे आण्णा शेतकरी होते, बोलायला तिखट आणि एरवी फारसे न हसणारे. पण रात्री लाइट गेली की ओट्यावर बसून ते आम्हा भावंडांना त्यांच्या पळून जाण्याची गोष्ट सांगत. कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गावर तेव्हा बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची, अडीच फुटी रुळांवरची, १९०६ पासूनची. तिच्या मंदपणाच्या कहाण्या जिल्हाभर होत्या. आण्णांच्या गोष्टीत ते दहा वर्षांचे होते, घरी न सांगता मोडनिंबला जाऊन त्या गाडीत बसले होते. बरोबर करकंबची बाजार आमटी : चारपाच डाळींची, काळ्या मसाल्याची, वर लालभडक तर्री. वाटेत चढाला इंजिन दमलं आणि उभंच राहिलं. ड्रायव्हर रडकुंडीला आला. आण्णांनी काय केलं, तर ती आमटी इंजिनात ओतली. इंजिनाला असा ठसका लागला, असा ठसका लागला, की ते जे सुटलं ते कुर्डुवाडीला आदल्या दिवशी पोचलं.

'आदल्या दिवशी' या शब्दावर मी हसून लोळायचो. धाकटी बहीण हसायची नाही. ती उलटतपासणी घ्यायची. आमटी कशात होती? किटलीत. किटलीला झाकण होतं? होतं. मग ठेसनापर्यंत हिंदकळून नळीतून सांडली कशी नाही? नळीला बोळा लावला होता. कशाचा? भाकरीचा. मग पुढच्या खेपेला आण्णा बेसावधपणे 'कळशी' म्हणून गेले आणि तिने त्यांना जागच्या जागी धरलं : मागच्या वेळी किटली होती. आण्णा डोकं खाजवायला लागले. किटली लहान पडली म्हणून वाटेत कळशी घेतली, अशी मखलाशी त्यांनी केली, पण ती कळशी कुणाच्या घरून, तिथल्या बाईने विचारलं नाही का, अशी सरबत्ती झाल्यावर त्यांनी हात टेकले. हरले की दंड म्हणून आणखी एक गोष्ट सांगायची, असा घरचा नियम होता. मला तर दाट संशय आहे की ते मुद्दाम चुकायचे.

याच आण्णांनी आवाज न चढवता 'विहिरीच्या काठाला जायचं नाही' म्हटलं की आमच्यापैकी कुणालाही ती थाप वाटली नाही. बापाचा कुठला आवाज खेळाचा आणि कुठला कामाचा, हे पोरांना चालायला लागायच्या आधीपासून कळतं. विश्वास उडतो तो निराळ्याच खोटेपणाने : 'उद्या नक्की नेतो' म्हणून न नेण्याने, दारात वसुलीवाला आला की 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग' अशा आज्ञेने. गोष्टीतल्या मगरीने बापाची पत घालवलेलं एक तरी घर दाखवा. दुसऱ्या प्रकारची घरं दाखवायला मला लांब जावं लागणार नाही.

विरोधकांच्या बाजूने एक मोठं नाव घेता येतं, आणि ते त्यांनी घ्यायच्या आधी मीच घेतो. मारिया मॉन्टेसरी. लहान मुलांना अद्भुत कथा सांगू नयेत असं त्यांचं मत होतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला खरं आणि कल्पित वेगळं करता येत नाही, मोठी माणसं त्याच्या भोळेपणाचा फायदा घेतात, आणि कल्पनाशक्ती तर सांगणाऱ्याची चालते, मूल नुसतं ऐकत बसतं, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप जोरकस आहे. अगदी तान्ह्या-लहानग्यांपुरता मी तो निम्मा मान्यही करतो. पण तो आहे ऐकून घेणाऱ्या मुलाबद्दलचा. किटली की कळशी यावरून बापाला कोंडीत पकडणाऱ्या पोरीला तो लागू पडत नाही. शिवाय मॉन्टेसरींची पद्धत आपल्या मातीत रुजवणाऱ्या गिजुभाई बधेकांनी काय केलं? त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गात जातो आणि पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून गोष्टी सांगायला बसतो. बाकीचे मास्तर नाकं मुरडतात, तरी तो मागे हटत नाही. ताराबाई मोडकांनी याच गिजुभाईंबरोबर काम करून पुढं बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण उभं केलं. तेव्हा मोठ्या नावांची ढाल पुढं करायची तर ती पूर्ण करावी.

थापांची परंपरा आमच्या जिल्ह्याला बाहेरून आणावी लागत नाही, हेही सांगून टाकतो. द. मा. मिरासदारांचा जन्म अकलूजचा, शाळा पंढरपुरातली. बाता मारणारी, त्या बाता ऐकून आणखी वाढवणारी माणसं त्यांनी याच मुलखात पाहिली असणार. त्यांची 'भुताचा जन्म' ही कथा काढून वाचा. गावात भूत तयार कसं होतं, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जाताना त्याला हातपाय कसे फुटत जातात, हे ज्याने हसत हसत वाचलं, त्याला पुन्हा भूत दाखवणं अवघड आहे. अंधश्रद्धेवर भाषण ठोकून एवढं काम होत नाही.

आता एक नवा युक्तिवाद ऐकू येतो : कल्पनारम्य हवंच असेल तर कार्टून आहेत की, बापाला कशाला त्रास? द्राक्षबागेत फवारणी करून किंवा कारखान्यावर पाळी भरून आलेल्या माणसाला हे फार सोयीचं वाटतं, आणि त्याच्या थकव्याबद्दल मला बोलायचा अधिकार नाही. पण मोबाइलला 'मागच्या वेळी किटली होती' असं म्हणता येत नाही. तो घाबरत नाही, मखलाशी करत नाही, हरत नाही. आणि त्यात बाप नसतो. पोराला ड्रॅगनचं अप्रूप आहेच, पण त्याहून मोठं अप्रूप आपला हा टक्कल पडलेला, कंबर धरून उठणारा माणूस एकेकाळी आपल्याएवढा होता याचं असतं.

वाटेल ती थाप चालेल असं मात्र मी म्हणत नाही. पोराला रात्री एकटं मोरीपर्यंत जाऊ न देणारी भुतं नकोत. शेजाऱ्याची जात काढून हसवणाऱ्या गोष्टी तर अजिबात नकोत. असल्या 'गमती' ओट्यांवर पुष्कळ ऐकू येतात आणि त्यांना कुणी अंधश्रद्धा म्हणत नाही. आणि ज्या गोष्टीत प्रत्येक वेळी बापच जिंकतो, तीही नको. ती ओढ्याच्या पुराचीच धाकटी बहीण आहे.

जाता जाता आणखी एक. हे सगळं मी बापाबद्दल लिहितोय, कारण गप्प बसलाय तो. पण आईने सांगितलेली स्वतःची साहसकथा कुणी कधी ऐकली आहे का? आमच्या आईला लहानपणी गावच्या वेशीबाहेर एकटीला जाऊ दिलं नाही, म्हणून तिच्याकडे पळून जाण्याची गोष्ट नव्हती. ज्यांना खरोखर जाता आलं नाही, त्यांना निदान गोष्टीत तरी मगरीवर बसायची मुभा हवी. या बाबतीत बापांपेक्षा आयांचं येणं जास्त थकलेलं आहे.

तेव्हा पालकसभेत 'खऱ्याच गोष्टी सांगा' असं कुणी बजावलं तर मान डोलवा, वाद घालू नका, आणि घरी येऊन खुशाल मगर काढा. नदी कुठलीही चालेल. पोरगी 'खोटं!' म्हणाली तर चिडू नका. 'कशावरून?' असं विचारा आणि तिची साक्ष पुरी होईपर्यंत जागचे हलू नका.